जोकुमारचं लोणी

बंगळुरू
४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शिवांजलीचे शरणु शरणार्थी.

फोनवर मी ओरडते आणि तुम्ही विचारता, "कोण वारलं?" त्यापेक्षा पत्र बरं. दादा सांगत होता, कानाचं यंत्र आणून दिलं तर तुम्ही ते वेलदोड्याच्या डबीत ठेवून दिलंत.

तुम्ही नेहमी विचारता, मी बंगळुरात नेमकं करते काय. मी मोठ्या माणसांसाठी बाहुल्या करते. डोकं मोठं, अंग बुटकं, डोळे बटाट्याएवढे. हौशी लोक त्या कपाटात मांडतात. खेळत कुणी नाही. पुष्कळजण तर खोकंही उघडत नाहीत, उघडलं की त्याची शान जाते म्हणतात.

माझे आधीचे दोन नमुने आमच्या स्टुडिओच्या मालकानं, प्रेमनं, परत केले. म्हणाला, "शिवांजली, हे हुशारीनं केलंय, पण दुसऱ्याच्या दुकानातलं वाटतं." मग त्यानं विचारलं, तुझ्या हाताला हे वळण कुठून आलं? मी सांगितलं: जपानातल्या बिनहातापायाच्या लाकडी बाहुल्या, कार्टूनची पुस्तकं, परदेशात भिंतींवर रंगवतात ती चित्रं. तो म्हणाला, "हे सगळं तू मोठेपणी पाहिलंस. त्याच्या आधी?"

त्याच्या आधी मला तेर आठवलं. तुम्ही शाळेची सहल नेली होती, तिथल्या संग्रहालयात पांढऱ्या मातीच्या पोकळ बाहुल्या होत्या आणि त्यांच्या कुशीला साच्याच्या जोडाची रेघ होती. आमच्या बाहुल्यांना अजूनही तशीच रेघ येते, आम्ही ती घासून काढतो. आणि त्याच्याही आधी आठवला भादव्यातला मातीचा जोकुमार. धुरपताबाईंच्या टोपल्यात लिंबाच्या पाल्यात बसलेला, डोळे वटारलेला, तोंड वासलेला, ओठांवर लोण्याचा गोळा. मी तुमच्या पदराआडून बघायचे.

माझ्याकडं त्याचा एकही फोटो नाही. अजून येतो का तो मुरूमात? एखादी मूर्ती मला मिळेल का? फोटोवर भागणार नाही, हातात घेऊन फिरवून बघावी लागेल. हा नमुनाही परत आला तर मला इथं ठेवतील असं वाटत नाही.

तुमची
शिवांजली

*

मुरूम, ता. उमरगा
१३ ऑगस्ट २०२५

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

यंत्र डबीत आहे ते बरंच आहे. त्यातनं गिरणीचा आवाज येतो आणि माणसाचा येत नाही.

जोकुमार येतो. टोपलं अजून धुरपताच फिरवते. कोळ्यांच्या घरचा तो मान, तिच्या सासूकडून तिच्याकडं आलेला. सुना येत नाहीत, त्यांना लाज वाटते. गणपतीनंतर अष्टमीला जन्मतो, सात दिवस गावभर हिंडतो, पहिला मुक्काम आपल्या ओट्यावर. बाया सुपातनं ज्वारी आणतात, त्याच्या ओठाला लोणी लावतात, धुरपता त्यांना लिंबाचा पाला देते आणि गाणं म्हणते. आवाज फाटलाय आता, पण कडवं एक चुकत नाही.

पौर्णिमेला त्याला मारायचं. नदीवर धुण्याच्या दगडापाशी न्यायचं, टोपलं पालथं घालायचं आणि वरनं मुसळ. बाया रडतात. मग घरी यायचं, मागं वळून बघायचं नाही. मेल्याबिगर तो वर जात नाही आणि वर गेल्याबिगर गावाची हकीकत शिवाला कळत नाही. धुरपता म्हणते, "त्यो गेला न्हाय तर शिव पाऊस अंदाजानं ओततो."

म्हणून मूर्ती मिळणार नाही. मूर्ती करणाऱ्या बसप्पा कुंभाराला म्हटलं, माझ्या भाचीसाठी दुसरी कर. तो चाक थांबवून म्हणाला, "एका गावात दोन राजे? दोघं वर जाऊन दोन गोष्टी सांगतील, बाई. शिवानं कुणाचं ऐकायचं?" आता यावर मी मास्तरीण असून काय बोलणार?

तू तुझ्या आठवणीतनं कर. आठवण कुणाच्या मालकीची नसते.

शरणम्मा

*

बंगळुरू
२१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न.

आठवणीतनं करून पाहिला. तीनदा. तिन्ही वेळा डोळे जपानी झाले. माझ्या हाताला आता तेच वळण आहे, ते पुसायला समोर खरा जोकुमार हवा. बसप्पांचा अंगठा कुठं दाबला जातो, मिशी अंगातनं ओढलेली आहे की वरनं चिकटवलेली, हे मला आठवत नाही आणि सगळं त्यातच आहे.

धुरपताबाईंशी बोलून बघा ना. पौर्णिमेऐवजी आठ दिवस उशिरा मेला तर काय बिघडतं? मी मोजमाप घेऊन परत पाठवीन, मग हवं ते करा. तुम्ही शब्द टाकला तर त्या नाही म्हणणार नाहीत, त्यांच्या तिन्ही पोरांना तुम्ही शिकवलंय.

आत्या, मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. घर सोडतानासुद्धा नाही.

शिवांजली

*

मुरूम
१० सप्टेंबर २०२५

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

बिस्किटाचा पत्र्याचा डबा बलभीमबरोबर दिला आहे. तो ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे, स्टुडिओत आणून देईल. भुसा भरपूर घातलाय. माती कच्ची आहे, भाजलेली नाही, पाणी लावू नकोस. ओठांवरचं लोणी तसंच ठेवलं आहे.

धुरपतानं आनंदानं दिला.

काम झालं की लगेच परत पाठव. विसरू नकोस.

शरणम्मा

*

बंगळुरू
२० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न.

डबा उघडला आणि सगळ्या स्टुडिओत आपल्या स्वयंपाकघराचा वास आला. लोण्याला मुंग्या लागल्या होत्या. प्रेम पुसायला निघाला होता, मी त्याचा हात धरला.

त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा आहे, हे तुम्ही कधी पाहिलंय? बसप्पांचा डावा अंगठा जास्त दाबतो. आम्ही संगणकावर दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या करतो आणि मग विचारत बसतो की चेहरा मेलेला का दिसतो. आणि तोंड! आमच्या निम्म्या बाहुल्यांना तोंडच नसतं. गोड दिसायला तोंड नको असतं म्हणे. हा तर सगळा तोंडच आहे. भुकेला.

नमुना पास झाला. सायीच्या रंगाचा, काळ्या डोळ्यांचा, ओठांवर चकचकीत पिवळा ठिपका. पहिली लहानशी खेप गेलीसुद्धा. प्रत्येक खोक्यात प्रेरणेचं एक पान आहे. त्यात तेरच्या बाहुल्या आहेत, बसप्पा आहेत, आणि शेवटी लिहिलंय: 'मूळ मूर्ती मुरूमच्या धुरपताबाईंनी आनंदानं भेट दिली.' तुमचंच वाक्य घेतलं.

मूर्ती छान आहे. प्रदर्शनात काचेच्या कपाटात ठेवली आहे. ते संपलं की पाठवते.

टीव्हीवर परंड्याकडचे पूर दाखवत होते. आपल्याकडं पाऊस कसा आहे?

शिवांजली

*

मुरूम
४ ऑक्टोबर २०२५

चि. शिवांजलीस,

पाऊस कसा आहे विचारलंस. सोयाबीन शेंगेतच उगवलं. नदी दोनदा स्मशानाच्या पायरीपर्यंत आली. धुरपताची मागची भिंत बसली. माणसं बाहेर होती, वाचली. दसऱ्याला तिच्या चुलीवर ताडपत्री होती.

आता जे लिहिते ते नीट वाच.

धुरपतानं जोकुमार दिला नाही. मी तिला विचारलंच नाही.

पौर्णिमेला ग्रहण होतं. ती म्हणाली, ग्रहणात मारला तर वाटेतच अडकंल, उद्या सकाळी मारू. आणि तेवढ्यात उमरग्याच्या दवाखान्यातनं निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्या. ती टोपलं घेऊन आपल्या ओट्यावर आली. म्हणाली, "मास्तरीणबाई, माझ्या सुनंला म्या सांगणार न्हाय, तिला हासू येतंय. तुमच्या हातानं करा. अन् मागं बघू नगा." मी तिच्या हातावर हात ठेवला. ठेवताना माझ्या मनात असं काही नव्हतं, हे खरं आहे. बाया पौर्णिमेलाच रडून गेल्या होत्या, सकाळी मी एकटीच मुसळ घेऊन दगडापर्यंत गेलेही. टोपलं पालथं घालायला वाकले आणि तुझं पत्र आठवलं. 'कधी काही मागितलं नाही.' मुसळ दगडावर आपटलं आणि टोपलं पदराखाली धरून मागच्या दारानं घरात आले.

ती नातू बघून आली. "झालं?" म्हणाली. मी म्हटलं, झालं. "मागं न्हाय ना बघितलं?" मी म्हटलं, न्हाय. तिनं माझ्या पायाला हात लावला.

तिथं मागं बघायचं नसतं, म्हणून कुणी बघायला जात नाही. माझी चोरी त्या नियमाच्या आडोशानं झाली.

आता गिरणीत बाया तिला विचारतात, "धुरपते, औंदा राजाला काय कमी केलंस गं?" एक म्हणते ज्वारी किडकी होती, एक म्हणते पाला वाळका होता. हसत विचारतात, पण विचारतात. आणि तिनं स्वतःच कारण शोधून काढलंय. परवा ओट्यावर बसून म्हणाली, "औंदा म्हस आटली व्हती. पहिल्या दिवशी म्या इकतचं लोणी लावलं, पाकिटातलं. त्योच खोटेपणा त्येला लागला. अय्यो शिवा, माझ्या एका बोटाच्या लोण्यापायी गाव बुडालं." रोज एक वेळ जेवते. पुढच्या साली टोपलं उचलणार नाही म्हणते.

मी शाळेत पस्तीस वर्षं ढग कसा होतो ते शिकवलं. माझ्यामुळं पाऊस पडला असं मी मानत नाही. पण धुरपता मानते की तिच्यामुळं पडला, आणि ते माझ्यामुळं आहे. तिच्यासमोर बसून मी चहा प्यायले आणि बोलले नाही.

मूर्ती ताबडतोब पाठव. ती तिच्या हातात ठेवल्याशिवाय मला तोंड उघडता येणार नाही.

शरणम्मा

*

बंगळुरू
११ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

मूर्ती पाठवता येत नाही. ती नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मोजमाप संगणकानं घेता आलं असतं, पण अंगठ्याच्या रेघा त्यात येत नव्हत्या. मला त्या रेघा हव्या होत्या. म्हणून रबराचा साचा घ्यायचं ठरवलं. साचा चिकटू नये म्हणून आधी एक तेलकट द्रव लावतात, ते कच्च्या मातीनं पिऊन टाकलं. तुम्ही पाणी लावू नको म्हणून बजावलं होतंत, आणि मला वाटलं हे काही पाणी नव्हे. साचा सोडवताना आधी मिशी गेली. मग डोकं साच्यातच राहिलं.

काचेच्या कपाटात आहे ती आमचीच रेझिनची नक्कल, मातीचा रंग दिलेली. खाली मूळ मूर्ती म्हणून चिठ्ठी आहे. प्रेमला ठाऊक आहे. तो म्हणाला, लोकांना फरक कळत नाही. खरंच कळला नाही.

तुकडे मी टाकलेले नाहीत. तुमच्याच डब्यात, त्याच भुशात आहेत.

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते लिहिते, कारण आता लपवायचं काही उरलं नाही. मनात आलं, ती नक्कलच पाठवून द्यावी. धुरपताबाईंची नजर अधू झाली असेल. हा विचार निदान दुपारभर माझ्या डोक्यात होता.

मी मागितलं नसतं तर तुम्ही हे केलं नसतं. सगळं स्वतःवर ओढून घेऊ नका. आणि त्यांना सांगा, आत्या. माझं नाव घेऊन सांगा.

शिवांजली

*

मुरूम
१७ ऑक्टोबर २०२५

चि. शिवांजली,

सांगितलं.

तिच्याच घरी गेले, ताडपत्रीखाली. ती ज्वारी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, सगळं. ओटा, दगड, पदर, डबा, साचा, तुकडे. तिनं सूप खाली ठेवलं.

पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "म्हंजी लोणी न्हवं?"

मी म्हटलं, लोणी नव्हे, धुरपता. तुझं काही चुकलं नाही.

"पाकिटातलं चाललं व्हतं त्येला?"

चाललं होतं.

मग तिनं सूप पुन्हा ओढलं आणि खडे वेचू लागली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी तिथंच बसले असते. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, म्या तुमच्या पाया पडले त्या दिशी." मी म्हटलं, व्हय. "मग तवा पाय मागं का न्हाय घेतलं?"

मी पायात चपला घातल्या.

निघताना दारातनं हाक मारली. म्हणाली, "तुमच्या पोरीला एक इचारा. त्यो तिथं मोडला तवा कुनी रडलं का?"

एवढंच विचारायला सांगितलंय. खरं लिही.

शरणम्मा

*

बंगळुरू
२३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

धुरपताबाईंना वाचून दाखवा.

कुणी रडलं नाही. डोकं साच्यात राहिलं तेव्हा मी डोक्याकडं बघितलं नाही. मी साच्यात बघितलं, अंगठ्याच्या रेघा उमटल्या आहेत का. उमटल्या होत्या. मी "आला!" म्हणून ओरडले आणि प्रेमनं टाळ्या वाजवल्या. मग सगळे जेवायला गेलो. तुकडे मी परत आल्यावर भरले.

कपाटातली चिठ्ठी मी काढली. प्रेरणेचं पान नवं लिहिलं: 'हा चेहरा मुरूमच्या जोकुमारचा आहे. तो सात दिवसांनी मरतो. त्याला मरू न देता, न विचारता आणला होता.' प्रेम म्हणाला, असं खोक्यात कोण घालतं? शेवटी छापायला तयार झाला, पण पुढच्या खेपेपासून. पहिली खेप परत मागवता येत नाही. ती घेतलेले लोक खोकं उघडणारही नाहीत. आत 'आनंदानं दिला' तसंच राहणार.

मी डबा घेऊन येते. काय करायचं ते धुरपताबाई सांगतील.

शिवांजली

*

मुरूम
२९ ऑक्टोबर २०२५

चि. शिवांजली,

वाचून दाखवलं. 'टाळ्या' आलं तिथं मी थांबले. ती म्हणाली, "वाचा की. थांबू नगा." शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "रडलो म्हणून लिवलं असतं, तर डबा घेतला नसता म्या."

तिचा निरोप असा. येत्या पौर्णिमेला सकाळी यायचं. मोडलेला असला तरी मुसळ घालायचंच, कारण मोडणं वेगळं आणि मारणं वेगळं. रडायचं ती बघून घेईल. तू टोपलं धरायचं. गाण्याची दोन कडवी तिच्या मागनं म्हणायची, येवोत न येवोत. बसप्पानं औंदा राजाच्या अंगात मुद्दाम वाळू जास्त घातली होती, म्हणजे एका घावात जाईल आणि हाल होणार नाहीत. हे त्यानं आत्ता, तिच्या घरी बसून सांगितलं.

भादव्यात टोपलं ती पुन्हा उचलणार आहे. पण पहिला मुक्काम बसप्पाच्या दारात. आपल्या ओट्यावर थांबणार नाही.

मी विचारलं, पौर्णिमेला मी येऊ का? "मास्तरीणबाईनं घरी बसायचं," म्हणाली. मला म्हणाली नाही, बसप्पाकडं बघून म्हणाली. मी बरं म्हटलं.

तेव्हा तू एसटीनं ये आणि डबा घेऊन थेट तिच्याकडं जा. आधी घरी येऊ नकोस. तुम्ही दोघी नदीकडं आपल्या दारावरनंच जाल, दुसरी वाट नाही. मी ओट्यावर असेन. हाक मारणार नाही. तूही थांबू नकोस, आणि येताना मान वळवू नकोस, तो नियमच आहे.

शेजारच्या म्हशीचं दूध विरजून ठेवलंय. त्या दिवशी पहाटे घुसळते. लोणी वाटीत घालून ओट्याच्या कडेला ठेवीन. तिनं घेतलं तर घेईल.

शरणम्मा